बिनधुराचं कॉलेज

अकोल्याहून कोल्हापूरकडे जाणारी गाडी सुटता सुटता माझ्या नवऱ्यानं खिडकीतून विचारलं, "कॉलेजच्या कामाला चाललीस की माहेराला?"

"कॉलेजच्या," मी म्हटलं. त्याला ते पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.

काम होतं हे खरं. आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या व्यवसाय विभागात मी मुलामुलींना वायरिंग आणि मोटारदुरुस्ती शिकवते. कॉलेजमुळे हवेत जाणारा धूर आणि कार्बन कमी करायचा, असं यंदा आमच्या प्राचार्यांनी मनावर घेतलं. वीज कमी, डिझेल कमी, कचरा जाळणं बंद. आपल्या अकोल्याचा मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना हवा तापते म्हणजे काय, हे सांगायला नको. पण सुरुवात कुठून करायची हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं. सातारा-सांगलीकडच्या काही कॉलेजांनी बरंच काही केलंय असं कानावर आलं होतं. बैठकीत कुणीतरी म्हणालं, "सुनंदा मॅडम तिकडच्याच ना?" आणि माझं जाणं ठरलं. साताऱ्यात माझं बालपण गेलं, सांगलीत पदविका झाली. आईवडील गेल्यापासून मात्र तिकडे पाऊल पडलं नव्हतं.

सकाळी जाग आली ती थंडीनं. बाहेर उसाच्या फडांवर धुकं बसलं होतं. एका फाटकापाशी दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर थांबला होता आणि त्यावर लावलेलं गाणं बंद काचेतूनही ऐकू येत होतं. मग गाडीनं एक वळण घेतलं आणि अजिंक्यतारा दिसला. लहानपणी मामाकडून परत येताना आई आम्हाला याच वळणावर उठवायची. "उठा, किल्ला आला," म्हणायची. या खेपेला मला उठवायला कुणी नव्हतं, तरी मी वेळेवर जागी झाले होते.

साताऱ्याचं स्टेशन गावापासून लांब आहे. रिक्षावाल्यानं विचारलं, "पाव्हण्याकडं आलाय का?" मी वडिलांच्या तंत्रशाळेचं नाव सांगितलं. माझे वडील तिथे फिटरचं काम शिकवत आणि आम्ही मागच्या क्वार्टरमध्ये राहायचो. आता क्वार्टरच्या जागी सायकलतळ आहे. वर्कशॉप तेच आहे. दारातून आत पाऊल टाकलं आणि लोखंडाच्या किसाचा न् तेलाचा वास आला. वडिलांच्या शर्टाचा वास. मी क्षणभर दाराला धरून उभी राहिले. शिंदे सर म्हणून तिथले तरुण शिक्षक सोबत होते. त्यांना वाटलं, मला चक्कर आली.

"सर, सगळे आधी सौर पॅनेलं दाखवतात," मी सावरून म्हटलं. "तुमची कुठे आहेत?"

"पॅनेलं हायत की छपरावर. पण ती शेवटची गोष्ट," ते म्हणाले. "आधी जरा ऐकायला या."

"ऐकायला?"

त्यांनी शिट्टी वाजवली. एकेक लेथ थांबत गेला. दिवे गेले. छपरात मध्ये मध्ये पारदर्शक पत्रे बसवलेत, त्यामुळे उजेडाला काही कमी पडलं नाही. सगळी मुलं जागच्या जागी गप्प उभी राहिली. त्या शांततेत मला एक बारीक आवाज आला, कुणीतरी दात-ओठ आवळून श्वास सोडावा तसा. एका मुलानं हात वर केला, भिंतीवरच्या नळीपाशी जाऊन साबणाचा फेस लावला. फेसातून बुडबुडे फुटायला लागले.

"कॉम्प्रेसरची हवा," शिंदे सर म्हणाले. "अशा गळक्या नळ्यांपायी कॉम्प्रेसर दिवसभर धापा टाकत राहायचा. हवा जायची वाया, तिच्यासाठी कोळसा जळायचा तिकडं वीजघरात. आता दर आठवड्याला पोरं गळती हुडकत्यात. गळक्या हंड्यात पाणी भरत बसण्यात काय अर्थ? म्हणून पॅनेलं मागनं बसवली."

वर्कशॉप सुटल्यावर माझे वडील मेन स्विच खाली ओढून दारात थोडा वेळ डोळे मिटून उभे राहायचे. मी दप्तर घेऊन बाहेर ताटकळत असायची. मला वाटायचं, ते देवाचं नाव घेतायत. त्या दिवशी त्या शांत शेडमध्ये उभी असताना मला पहिल्यांदा वाटलं, ते ऐकत असतील. कुठे काही चालू राहिलंय का, कुठे काही गळतंय का. देवाचं नाव घेत असतील तरी हरकत नाही. आता विचारणार कुणाला?

शिंदे सरांनी निघताना कंदी पेढ्यांचा पुडा हातात ठेवला आणि मी उंब्रजमार्गे पाटणची एसटी धरली. उन्हाची तिरीप, गाडीची लय, रात्रभराचा प्रवास. डोळा लागला. शेजारच्या बाईनं हलवून "आवं, उतरा, आलं!" म्हटलं आणि मी उतरले. गाडी गेल्यावर पाटी वाचली, तर मल्हारपेठ. तिचं गाव आलं होतं, माझं नव्हे. तीही माझ्यासोबत उभी होती आणि पदरात तोंड लपवून हसत होती. "मला वाटलं तुमी बी हितल्याच. तोंडावळा आपल्यातलाच हाय की," ती म्हणाली. तेवढ्या एका वाक्यासाठी मी तिला माफ केलं आणि पुड्यातले दोन पेढेही दिले.

पाटणला पोचले तेव्हा दुपार कलली होती. चारी बाजूंना डोंगर, खाली कोयना आणि वर पठारावर पवनचक्क्यांची रांग. आम्ही शाळेत असताना वडिलांनी आम्हाला कोयनेचं धरण दाखवायला आणलं होतं. भिंतीकडे बोट दाखवून ते म्हणाले होते, "आपल्या घरातला दिवा इथनं लागतो." घरी गेल्यावर मी कितीतरी दिवस दिवा लावताना पाण्याचा आवाज येतो का ते ऐकत असे.

इथलं कॉलेज डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवरच्या मुलींसाठी वसतिगृह चालवतं. त्यांचा स्वयंपाक पूर्वी लाकडावर व्हायचा. आता अंगणात शेणाचा आणि खरकट्याचा गोबरगॅस आहे. स्वयंपाक करणाऱ्या हौसामावशींनी मला चुलीपुढे पाट दिला. नाचणीची भाकरी, पावट्याची आमटी, वर कच्चा कांदा.

"पयलं हितं बसलं की डोळ्यांतनं पानी खळायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "पोरी म्हनायच्या, मावशी, कोन मेलं का?"

"आता बरं आहे?"

"आता बरं हाय. पन थंडीत गॅस रुसतो बघा. सकाळच्या पारी नुसता फुरफुर करतो. मग आमी खड्ड्यावर उसाचं पाचट (वाळलेली पानं) पांघरतो, गोधडीवानी. तरी एखांद्या दिशी लाकूड घालावंच लागतं."

मला हे ऐकून बरं वाटलं. सगळंच जमलं असं कुणी सांगितलं की मला शंका येते. मुलींची एक पंगत बसली होती. एकीनं अर्धी भाकरी टाकली, तर पलीकडून दुसरी ओरडली, "खा की गं! गॅसला काय भाकरी आवडत न्हाई, भाजीची साल आवडती." सगळ्या हसल्या. आमच्याही वसतिगृहात असंच हसणं चालायचं. त्या रात्री मी तिथेच मुक्काम केला आणि कित्येक वर्षांनी लोखंडी कॉटवर गाढ झोपले.

दुसऱ्या दिवशी कराडवरून सांगली. बसमधून उतरल्यावर मी आधी काय केलं असेल, तर भडंग घेतलं (म्हणजे आपले मुरमुरेच, पण लसूण आणि तिखटात असे परतलेले की हात थांबत नाही). पुडी घेऊन कृष्णेच्या घाटावर गेले. कुसुम पायरीवर बसलेली होती.

कुसुम माझी वसतिगृहातली मैत्रीण. पदविकेच्या वर्गात आम्ही अगदी मोजक्या मुली, त्यातल्या आम्ही दोघी एका खोलीत. ती आटपाडीच्या पलीकडच्या एका वस्तीवरची. त्यांच्या घरातलं, त्यांच्या अख्ख्या आळीतलं, तंत्रशिक्षणाला आलेलं पहिलं माणूस. आता ती आटपाडी भागातल्या एका कॉलेजची प्राचार्य आहे. केस पांढरे झालेत, पण मला बघताच तिनं हात पुढे केला तो पुडीसाठी.

"सगळं खाल्लंस?"

"निम्मं ठेवलंय."

"निम्मं म्हणजे तुझं निम्मं की माझं निम्मं?"

तिच्या आग्रहावरून आम्ही माधवनगरला गेलो. आमचं वसतिगृह तिथे होतं, गिरण्यांच्या वस्तीच्या कडेला. गिरणीचा भोंगा झाला की उठायचं, दुसरा झाला की अंघोळीच्या रांगेतून बाहेर पडायचं, असा आमचा दिवस लागलेला. आता भोंगा नाही. वसतिगृहाच्या जागेवर हळदीचं गोदाम आहे आणि रस्ता ओळखू येत नाही. फक्त चढ तोच होता. दोघींत एक सायकल होती आमची, माझ्या वडिलांनी दिलेली. रोज आळीपाळीनं एक मारायची, दुसरी मागे बसायची. या चढाला मागची उतरून ढकलायची.

"तू कायम चढाच्या आधी मागे बसवायचीस मला," कुसुम म्हणाली.

"तुझे पाय मजबूत होते."

"चालत चालत मजबूत झालेले." ती हसली आणि रस्त्याकडे बघत राहिली. एकामागून एक मोटारसायकली जात होत्या, एकेका गाडीवर कॉलेजची तीन-तीन मुलं. "त्या वेळी कॉलेज सुटलं की हा रस्ता सायकलींनी भरायचा. घंट्यांचा नुसता गलका. आता बघ."

मग तिनं मला सांगितलं की तिनं तिच्या कॉलेजात मोटारसायकली बंद केल्यात. कॉलेजच्या धुराचा हिशोब मांडताना मुलांनी विजेपेक्षा, जनरेटरपेक्षा मोठी एक गोष्ट शोधून काढली होती: रोज वस्त्यांवरून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचं पेट्रोल. तेव्हा कुसुमनं एसटीच्या डेपोत खेटे घालून वस्त्यांवरून येणारी सकाळची बस पुन्हा सुरू करून घेतली आणि कॉलेजच्या फाटकात मोटारसायकल आणायची नाही असा नियम केला. शिक्षकही बसनं येतात. ती स्वतःही.

"लोक काय म्हणतात?"

"परवा तेच ठरायचंय. पालकांची सभा आहे. नियम ठेवायचा की काढायचा. तू आलीस ते बरं झालं, निदान घरी जाताना कुणीतरी बोलायला असेल."

सांगलीहून आटपाडीपर्यंतची वाट मला नेहमीच दोन ऋतूंमधून गेल्यासारखी वाटते. तासगावपर्यंत हिरवंगार, द्राक्षांचे मांडव, ऊस. विट्याच्या पुढे खानापूर, भिवघाट, आणि मग एकदम मोकळा माळ, बोरीबाभळी, मेंढरं, उघडं आभाळ. आता कालव्याचं पाणी आलंय आणि मध्येच डाळिंबाच्या बागा दिसतात, तरी माळ तो माळच. कुसुमच्या घरी भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि खाली तिच्या वडिलांचा फोटो. तिच्या भावजयीनं बाजरीची भाकरी, मटकीचं कोरड्यास (भाकरीबरोबरची पातळ भाजी) आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. संध्याकाळी शेजारच्या शेतात हुरडा भाजला. आगटीच्या राखेत कणसं खुपसलेली, तळहातावर चोळलेले गरम दाणे. आमच्याकडेही हुरडा होतो, पण कुसुमच्या हातून खाल्लेल्या त्या दाण्यांची चव मला पदविकेच्या दुसऱ्या वर्षापासून आठवते. ती सुट्टीवरून येताना रुमालात बांधून आणायची.

सभेच्या दिवशी सकाळी आम्ही गावच्या फाट्यावर बसची वाट बघत उभ्या राहिलो. बस आली नाही. ऊन वर चढलं. शेवटी कुणाचा तरी फोन आला की बस अलीकडच्या ओढ्यात बंद पडलीय आणि डेपोत दुसरी गाडी नाही. त्या दिवशी बारावीची तोंडी परीक्षा होती. वाटेवरून चाललेल्या दुधाच्या टेम्पोला कुसुमनं हात केला आणि आम्ही दोघी किटल्यांमध्ये बसून कॉलेजात पोचलो.

फाटकाबाहेर मोटारसायकलींची रांग लागली होती. बस आली नाही म्हटल्यावर मुलांनी घरच्या गाड्या काढल्या होत्या. कुसुमनं शिपायाला सांगितलं, "आज सोड सगळ्यांना आत. परीक्षा आधी."

लिंबाखाली पालक जमले होते. संस्थेचे अध्यक्ष अण्णा खुर्चीवर आणि समोर उभे एक उंच गृहस्थ, पांढऱ्या मिशा, फौजी स्वेटर. सगळे त्यांना सुभेदारच म्हणत होते. सैन्यातून निवृत्त होऊन ते गावी डाळिंब करतात. त्यांचा मुलगा अक्षय बारावीला आणि मुलगी पूनम अकरावीला याच कॉलेजात.

"मॅडम, मी सरळ बोलतो," सुभेदार म्हणाले. "धूर कमी करायचा, आमचं काय म्हननं न्हाई. पन एक एसटी बंद पडली आन् सगळं कॉलेज आडलं. आमच्या पोराची आज परीक्षा हाय. त्यानं हिकमतीनं गाडी काढली म्हनून पोचला. ह्या नियमापायी एखांद्याचं वरीस गेलं, तर भरून कोन देनार?"

"खरं हाय," मागून आवाज आले. "पोरांना गाडी पायजेच."

अण्णा कपाळाला हात लावून म्हणाले, "बाई, तुमचा हेतू चांगला हाय. पन एसटीच्या भरवशावर कसं चालायचं? आपन हे वरीस नियम बाजूला ठेवू. पुढं बघू."

कुसुम उभी राहिली. ती बोलणार होती. मी तिचे ओठ बघत होते. तेवढ्यात फाटकातून पाच-सहा मुली आत आल्या. घोट्यापर्यंत फुफाटा (मऊ धूळ), ओढण्या डोक्याला बांधलेल्या, चेहरे उन्हानं तांबडे. चालत आल्या होत्या. सगळी सभा त्यांच्याकडे वळली.

पुढे होती ती सुभेदारांची पूनम.

"तू चालत आलीस?" सुभेदारांनी विचारलं. "अक्षयच्या गाडीवर का न्हाई बसलीस?"

"त्याच्या मागं त्याचा दोस्त बसलाय की, आबा."

मागे कुणीतरी हसलं आणि गप्प झालं. पूनम खाली बघत होती. मग तिनं मान वर केली.

"आबा, तो नियम काढायचा म्हनताय का तुमी?"

"तू वर्गात जा. मोठी मानसं बोलत्यात."

"जाते. पन एवढं सांगून जाते. दादासारख्यांच्या गाड्या सुरू झाल्या की एसटी रिकामी पळती. रिकामी पळली की डेपोवाले बंद करत्यात. मागं तसंच झालं होतं. आमाला कोन गाडी देतंय? आमच्या समद्यांची एसटीच हाय." तिनं डोक्याची ओढणी सोडली. "थोरल्या ताईचं कॉलेज तसंच सुटलं."

"ताईला शिकायचं मन नव्हतं," सुभेदार म्हणाले. "तवा मी नोकरीवर होतो. मला फोनवर तिनंच सांगितलं होतं, मन लागत न्हाई म्हनून."

"मन लय होतं, आबा. गाडी नव्हती."

लांब वर्गातून बाक ओढल्याचा आवाज आला. सुभेदारांनी खिशातून रुमाल काढला, पण तो तोंडाला लावला नाही. खाली वाकून त्यांनी मुलीच्या पायांवरची धूळ झटकली, जणू ती अजून लहान आहे. ती ओशाळून मागे सरकली.

"आबा, काय करताय? सगळे बघत्यात."

"बघू दे," ते म्हणाले.

मग ते अण्णांकडे वळले. त्यांचा आवाज मघाचा नव्हता. "अण्णा, नियम हाय तसा ऱ्हाऊ द्या. गाडी बंद पडली तर दुसरी कशी येत न्हाई, ते मी बघतो. मॅडम, उद्या डेपोत मी येतो तुमच्याबरोबर."

अण्णांना बहुधा सुटल्यासारखंच झालं. त्यांनी बाकीच्यांना विचारलं. दोघातिघांनी कुरकुर केली. बस न आलेल्या दिवशी गाड्या आत घ्यायच्या आणि तेव्हा मुलींना आधी आणायचं, एवढी दुरुस्ती करून सभा उठली. टाळ्या वगैरे काही झाल्या नाहीत. लोक चहाकडे वळले.

संध्याकाळी आम्ही दोघी माळावरून घरी चालत निघालो.

"तुला हे माहीत होतं," मी म्हटलं. "मुलींचं."

"मी त्याच एसटीनं शिकले, सुनंदे. वस्तीवरून सकाळी एकच गाडी. ड्रायव्हर फाट्यावर हॉर्न देत थांबायचा. मी धावताना दिसेपर्यंत हलायचा नाही. प्राचार्य होऊन परत आले तर ती गाडी बंद झालेली. पोरांकडे मोटारसायकली आल्या, गाडीला माणसं नाहीत. आणि त्या वस्त्यांवरून अकरावीला एक मुलगी नाही. डेपोवाले म्हणाले, माणसं दाखवा, गाडी देतो."

"मग सभेत हे का सांगितलं नाहीस कधी?"

ती थांबली. सूर्य अगदी जमिनीला टेकला होता आणि लांबून मेंढरांच्या घंटा येत होत्या. "पोरींसाठी मोटारसायकली बंद करा म्हटलं असतं, तर कोण ऐकणार होतं? धुरासाठी म्हटलं, तर संस्थेनं सत्कार केला." मग ती हसली. "पण खोटं नाही हं ते. धूर कमी झालाच की. धुराचं आणि पोरींचं, दोन्ही कामं एकाच गाडीत बसून आली."

दुसऱ्या दिवशी डेपोत सुभेदारांनी काय केलं, ते मी बघितलं. आवाज चढवला नाही. व्यवस्थापकांच्या टेबलासमोर सावधान उभे राहून म्हणाले, "साहेब, आमच्या लेकी फाट्यावर उभ्या असत्यात." व्यवस्थापक म्हणाले, गाड्या कमी आहेत, जुन्या आहेत, आम्ही तरी काय करणार. बराच वेळ असंच चाललं. शेवटी ठरलं की सकाळची गाडी बिघडली तर विट्याहून येणारी गाडी वस्त्यांवरून वळवायची. फार मोठं काही मिळालं नाही. पण सुभेदार बाहेर येऊन शेंगदाण्याच्या पुड्या घेऊन आले आणि एक माझ्या हातात देत म्हणाले, "बाई, तुमच्या अकोल्याकडं कसं हाय? मुली येत्यात कॉलेजला?"

"येतात," मी म्हटलं.

निघायच्या दिवशी मी मुद्दाम ती सकाळची एसटी धरली. कुसुम शेजारी. फाट्यावर सुभेदार स्वेटर घालून उभे होते, जवळ मुली आणि जरा अंतरावर तोंड पाडून अक्षय. गाडीत मुली चढल्या आणि जागा धरायला ओरडायला लागल्या. पुढे कुणीतरी पाढ्यांसारखी परीक्षेची सूत्रं म्हणत होतं. अक्षय माझ्यापाशी दांडा धरून उभा राहिला. कॉलेजपाशी सगळे उतरले. कुसुमही उतरली आणि खिडकीखाली उभी राहिली. आम्ही दोघी निरोपाचं नेमकं काय बोलायचं ते विसरलो. गाडी हलल्यावर ती ओरडली, "पोचल्यावर फोन कर!" वसतिगृहातून सुट्टीला निघताना आम्ही एकमेकींना पत्राचं बजावायचो, तोच सूर.

परतीच्या गाडीत मी आमच्या प्राचार्यांना काय सांगायचं ते जुळवत बसले. गळती हुडकण्याचा तास, पाचटाची गोधडी पांघरलेला गोबरगॅस, बंद झालेल्या मोटारसायकली. पण डोळ्यांपुढे येत होता तो माधवनगरचा चढ आणि मागून सायकल ढकलणारी कुसुम. आमच्या वेळी बिनधुराचं कॉलेज होतं, पण ते आमच्या गरिबीमुळे. आम्हाला त्याचं काही वाटतही नव्हतं. गरिबी परत यावी असं कोण म्हणेल? पण त्या रस्त्यावर सगळी एकत्र जायची, मुलगे न् मुली, भरलेला रस्ता, घंट्यांचा गलका, ते मात्र मला परत हवंसं वाटलं. आटपाडीच्या एसटीत ते थोडंसं परत आलेलं मी पाहिलं होतं.

अकोल्यात परतल्यावर पहिल्याच दिवशी तास संपवून मी फाटकाबाहेर उभी राहिले. मुलं गाड्यांना किक मारून धुरळा उडवत निघून गेली. रस्त्याच्या कडेला बारावीची रेणुका ऑटोची वाट बघत होती. तिचं गाव शहरापासून बरंच आत आहे.

"तुझ्या गावाला एसटी नाही का गं?" मी विचारलं.

"हाय ना मॅडम. पन कॉलेज सुटाच्या आधीच निघून जाते ते."

"मग रोज काय करतेस? ऑटोनं जातेस?"

"नाही मॅडम. आज तुमी आल्या म्हणून थांबली." ती जरा घुटमळली. "रोज शेवटचा तास सोडून देते."

शेवटचा तास माझा असतो. या सोमवारपासून तो सकाळी पहिला आहे आणि कॉलेज एसटीच्या आधी सुटतं.